सीट बेल्टची सक्ती : विज्ञान कुठवर आणि वाद कुठून?

नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी त्या महिन्याच्या एक तारखेपासून चारचाकी गाडीतल्या सगळ्यांनाच, म्हणजे मागे बसणाऱ्यांनाही, सीट बेल्ट सक्तीचा केला होता. वर्तमानपत्रांतून रोज त्यावर काही ना काही येत होते. टॅक्सीवाले म्हणत होते, आमच्या जुन्या गाड्यांना मागे पट्टेच नाहीत, ते बसवायचे कोणी? काही वाचक म्हणत होते, आधी खड्डे बुजवा, मग पट्ट्यांचे बोला. त्याच सुमारास आमच्यापैकी एका शिक्षिकेच्या नववीच्या वर्गात गतीच्या नियमांचा धडा चालू होता. जडत्वाला उदाहरण म्हणून आपण सगळेच देतो तेच त्यांनी दिले : गाडीचा ब्रेक लागला की आपण पुढे का जातो, आणि पट्टा आपल्याला कसा धरून ठेवतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “बाई, पट्टा नाही लावला तर लागणार आमच्या बाबांनाच ना? मग पोलीस पैसे का घेतात?”

बाईंनी न्यूटनचा पहिला नियम पुन्हा एकदा समजावून सांगितला. मुलगा खाली बसला. पण त्याचे समाधान झाले नव्हते, आणि बाईंचेही. महिन्याच्या बैठकीत त्यांनी हा प्रसंग सांगितला तेव्हा आमच्या लक्षात आले की मुलाने जे विचारले नव्हते त्याचे उत्तर त्याला दोनदा मिळाले होते. त्याच्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न दडलेले आहेत. पट्ट्याने खरोखर जीव वाचतो का? न लावणाऱ्याचे नुकसान त्याच्या एकट्याचेच असते का? आणि या दोन्हींची उत्तरे काहीही असोत, रस्त्यात गाडी अडवून पावती फाडण्याचा अधिकार पोलिसाला असावा का? पहिला प्रश्न निखळ भौतिकशास्त्राचा. दुसराही बराचसा त्यातलाच. तिसरा मात्र सूत्रात बसत नाही. जगात गेली पन्नास वर्षे जो वाद चालला आहे तो मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नावर, आणि वाद घालणारे मात्र पहिल्याच प्रश्नावर एकमेकांना धडे देत बसतात.

तेव्हा पहिला प्रश्न आधी नीट निकालात काढू या.

समजा, गाडी ताशी ५० कि.मी. वेगाने चालली आहे. शहरात हा काही मोठा वेग मानला जात नाही. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. एखादी वस्तू उंचावरून सोडली तर जमिनीवर पोचताना तिला हा वेग येण्यासाठी किती उंची लागेल? v² = 2gh या सूत्रात आकडे घातले की उत्तर येते सुमारे १० मीटर. म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली उडी. गाडीत आरामात बसलेला माणूस प्रत्यक्षात त्या गच्चीच्या काठावर बसलेला असतो, फक्त खाली दिसत नाही एवढेच.

आता ही गाडी भिंतीवर आदळली. पुढचा भाग चेपत चेपत गाडी सुमारे ६० सेंटिमीटर अंतरात थांबते असे धरू. पट्टा बांधलेला माणूस गाडीला जखडलेला असल्यामुळे तोही साधारण तेवढ्याच अंतरात थांबतो. त्याचे मंदन v²/2d ने काढले तर सेकंदाला सेकंदाला १६० मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १६ पट येते. माणसाचे वस्तुमान ६० कि.ग्रॅ. असेल तर त्याच्यावरचे बल सुमारे ९,६०० न्यूटन, जवळजवळ एक टन वजनाइतके. हेही काही थोडे नव्हे. छातीवर वळ उठतो, कधी बरगडी मोडते.

पट्टा न बांधलेल्या माणसाचे काय होते? गाडी थांबते, पण त्याला ते ‘कळत’ नाही. तो सेकंदाला १४ मीटर या आपल्या मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि थांबलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर किंवा काचेवर आपटतो. तिथे त्याला थांबायला मिळणारे अंतर फार तर चार-पाच सेंटिमीटरचे. तेच सूत्र वापरले की मंदन येते गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ २०० पट, आणि बल अकरा-बारा टनांच्या वजनाइतके. थांबायचे अंतर बारा पटींनी कमी झाले, बल बारा पटींनी वाढले. पट्ट्याचे सगळे काम एवढ्या एका वाक्यात मावते. तो माणसाला नुसता ‘धरून ठेवत’ नाही, गाडीच्या चेपण्यात त्याला सहभागी करून घेतो.

नेमका इथेच मुलांचा एक गैरसमज दूर करता येतो. हाताने समोरची दांडी घट्ट धरली तर चालणार नाही का, असे ते विचारतात. आणि मोठी माणसे तर हा गैरसमज कृतीत आणतात. पुढच्या आसनावर आई तान्हे बाळ मांडीवर घेऊन बसलेली आपण नेहमी पाहतो. बाळ १० किलोचे असेल, तर वरच्या टकरीत ते १६ पट ‘जड’ होते. १६० किलोचे पोते एका झटक्यात हातांनी पेलण्यासारखे आहे हे. कोणत्याही आईच्या मायेला ते जमणार नाही. यात दोष मायेचा नाही, मंदनाचा आहे.

शरीर नीट बांधलेले असेल तर ते किती सहन करू शकते याचा सर्वांत थरारक प्रयोग अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःवरच करून पाहिला. १० डिसेंबर १९५४ रोजी रुळावरून धावणाऱ्या रॉकेटच्या घसरगाडीला स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन ते ताशी सुमारे १,०१७ कि.मी. वेगाने गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. मंदनाचा कळस गुरुत्वत्वरणाच्या ४६ पटींवर पोचला होता. डोळ्यांत रक्त उतरले, काही वेळ दिसेनासे झाले, पण ते जगले आणि पुढे १९९९ पर्यंत जगले. (सरासरी मंदन किती, हे मुलांना काढायला द्यावे. ते २० पटींच्या आसपास येईल. मग सरासरी आणि कमाल यांतला फरक आपोआप चर्चेला येतो.) मोटारीत पट्टे असावेत याचा प्रचार स्टॅप यांनी उरलेल्या आयुष्यात सतत केला.

आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी जोडलेला पट्टा १९५९ चा. व्होल्वो कंपनीतले स्वीडिश अभियंते निल्स बोहलिन यांनी तो तयार केला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत होते. नुसता कमरेचा पट्टा असेल तर धड पुढे वाकून डोके आपटते आणि पोटातल्या इंद्रियांना इजा होते. बोहलिन यांनी बल छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडांवर वाटून दिले, आणि तेही एका हाताने लावता येईल अशा रीतीने. कंपनीने ही रचना इतरांनाही वापरू दिली. १९६७ मध्ये स्वीडनमधल्या २८,००० अपघातांची नोंद मांडताना बोहलिन यांनी दाखवले की, पट्टा न लावलेली माणसे अगदी कमी वेगाच्या टकरींतही मेली होती, तर पट्टा लावलेल्यांपैकी ताशी ९६ कि.मी.च्या खालच्या टकरीत एकही मेले नव्हते. नंतरच्या काळात, इतर देशांत, इतर गाड्यांवर झालेल्या अभ्यासांतून आकडा थोडा खाली आला : पुढच्या आसनावरच्या माणसाचा मृत्यूचा धोका पट्ट्यामुळे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के नव्हे. पट्टा लावूनही माणसे मरतात, आणि ‘अमक्याने पट्टा लावला होता, तरी गेला’ हे उदाहरण प्रत्येकाच्या ओळखीत असते. त्याने ४५ टक्के हा आकडा खोटा ठरत नाही.

गाडीला आग लागली किंवा गाडी पाण्यात पडली तर पट्ट्यामुळे अडकून पडू, ही भीतीही वारंवार ऐकू येते. असे अपघात एकूण अपघातांत अत्यंत थोडे असतात. आणि त्यातही शुद्धीवर असलेला माणूस पट्टा सोडवू शकतो. काचेवर डोके आपटून बेशुद्ध झालेल्याला दारही उघडता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. नुकसान माझे एकट्याचेच ना?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी मरण पावले. दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते. पुढे बसलेल्या दोघांना गंभीर इजा झाल्या, पण ते वाचले. मागे बसलेला माणूस सुरक्षित असतो हा समज त्या दिवशी अनेकांच्या मनातून गेला, आणि मुंबई पोलिसांच्या त्या हुकमामागेही हीच घटना होती. पण मागच्या माणसाविषयीची महत्त्वाची गोष्ट त्या वेळच्या चर्चेत फारशी आली नाही. पट्टा न लावलेला मागचा माणूस टकरीत एक सुटा धोंडा होतो. तो पुढच्या आसनावर, म्हणजे पट्टा लावून बसलेल्या माणसाच्या पाठीवर, काही टनांच्या जोराने आदळतो. पुढच्याची पुढे पट्ट्याने आणि मागे धोंड्याने कोंडी होते. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील तर पुढच्या पट्टा लावलेल्या माणसाचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे त्यात दिसले.

म्हणजे त्या मुलाच्या बाबांनी मागे बसताना पट्टा लावला नाही, तर लागणार ते आईला. ‘जीव माझा आहे’ या युक्तिवादातून मागचे आसन तर बाहेर पडतेच. चालकाचेही तसेच आहे. छोट्याशा धक्क्याने किंवा अचानक वळण घ्यावे लागल्याने जो आसनावरून सरकतो, त्याच्या हातून स्टिअरिंग सुटते, आणि मग ती गाडी फक्त त्याची राहत नाही. इस्पितळाचा खर्च, घरच्यांची परवड हेही मुद्दे लोक मांडतात. ते खरेच आहेत, पण आम्हाला ते थोडे निसरडे वाटतात. त्या न्यायाने तंबाखूपासून तळलेल्या पदार्थांपर्यंत सगळ्यांवर पोलीस नेमावे लागतील. टकरीतल्या धोंड्याचा मुद्दा तसा नाही.

तरीही तिसरा प्रश्न उरतोच. नुकसान होते, हे कबूल. म्हणून पोलिसाने गाडी अडवावी का?

ही सक्ती जगात प्रथम केली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने, डिसेंबर १९७० मध्ये. त्या वर्षी तिथे रस्त्यांवर १,०६१ माणसे मेली होती, पुढच्या वर्षी ९२३. ब्रिटनमध्ये मात्र संसदेत हा विषय वर्षानुवर्षे येत आणि पडत राहिला. स्वातंत्र्यावर घाला, असा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. शेवटी ३१ जानेवारी १९८३ पासून, तीन वर्षांच्या मुदतीचा प्रयोग म्हणून, पुढच्या आसनांना सक्ती आली. आणि एक नवल घडले. तोवर जाहिराती करकरून चाळीस टक्क्यांच्या आसपास अडलेला पट्ट्यांचा वापर एकदम नव्वद टक्क्यांच्या वर गेला. चौकाचौकांत पोलीस उभे करावे लागले नाहीत. कायदा झाला, एवढ्यानेच बहुसंख्यांनी पट्टा ओढला.

ब्रिटनमधल्या वादात एक मुद्दा मात्र विज्ञानाच्या शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावा असा होता. लंडनमधले भूगोलाचे प्राध्यापक जॉन अ‍ॅडम्स यांचे म्हणणे असे की, पट्ट्यामुळे चालकाला सुरक्षित वाटू लागते आणि तो आपसूक जास्त बेफिकीर होतो. धोका नाहीसा होत नाही, तो गाडीबाहेरच्या पादचाऱ्यावर आणि सायकलवाल्यावर सरकतो. १९७५ मध्ये अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी याच धर्तीचे प्रतिपादन केले होते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो मोजून तपासता येतो. ब्रिटनमध्ये आकडेवारीतज्ज्ञ हार्वे आणि डर्बिन यांनी १९८६ मध्ये तो तपासला. गंभीर जखमी झालेल्या किंवा दगावलेल्या चालकांची संख्या कायद्यानंतर सुमारे २३ टक्क्यांनी घटली होती. पण मागच्या आसनावरचे प्रवासी, पादचारी आणि सायकलस्वार यांच्या मृत्यूंत काहीशी वाढही दिसत होती. अ‍ॅडम्स यांनी या वाढीवर बोट ठेवले. पुढे अनेक देशांत याचा शोध घेतला गेला. बेफिकिरीचा परिणाम असलाच तरी तो पट्ट्याचा फायदा पुसून टाकण्याइतका मोठा बहुतेक अभ्यासांत आढळला नाही. तरी पादचाऱ्यांची नोंद तपासायची असते हे भान या वादामुळेच आले, आणि आपल्यासारख्या पायी चालणाऱ्यांच्या देशात ते विसरता येणार नाही.

पोलिसाच्या अधिकाराचा खरा वाद पाहायचा तर अमेरिकेत जावे लागते. तिथे वाहतुकीचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे. १९८४ मध्ये वाहतूक मंत्री एलिझाबेथ डोल यांनी एक चमत्कारिक अट घातली : देशाच्या दोन-तृतीयांश लोकसंख्येच्या राज्यांनी पट्ट्यांचे कायदे केले, तर मोटार कंपन्यांवरची एअरबॅगसारख्या आपोआप चालणाऱ्या साधनांची सक्ती रद्द होईल. साहजिकच मोटार कंपन्या एकाएकी पट्ट्यांच्या कायद्यांच्या कैवारी झाल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कने पहिला कायदा केला आणि मग इतर राज्यांनी. पण लोकांत नाराजी होती. मॅसॅच्युसेट्समध्ये जानेवारी १९८६ मध्ये लागू झालेला कायदा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोकांनी मतदानाने रद्द करून टाकला. तो पुन्हा आला १९९४ मध्ये. न्यू हॅम्पशायर राज्यात प्रौढांना आजही अशी सक्ती नाही.

या नाराजीतून अनेक राज्यांनी एक मधली वाट काढली. पट्टा न लावणे हा गुन्हा, पण केवळ त्यासाठी पोलिसाने गाडी थांबवायची नाही. वेग जास्त आहे, सिग्नल तोडला आहे अशा दुसऱ्या कारणाने थांबवली असेल तरच पट्ट्याची पावती फाडायची. याला आपण ‘जोडगुन्हा’ म्हणू. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत मात्र पट्टा हाच थांबवायला पुरेसा गुन्हा, म्हणजे ‘स्वतंत्र गुन्हा’. एकाच देशात, एकाच प्रकारच्या गाड्यांवर, एकाच पट्ट्यासाठी दोन तऱ्हेची अंमलबजावणी. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा तसा हा प्रयोग आपोआप मांडला गेला. कॅलिफोर्नियाने १९९३ मध्ये जोडगुन्ह्यावरून स्वतंत्र गुन्ह्यावर उडी घेतली तेव्हा वापर सुमारे ७० टक्क्यांवरून ८० च्या वर गेला. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात जाहीर प्रचार आणि रस्त्यावरची तपासणी यांची सांगड घालणारी मोहीम निघाली, तिथेही असाच फरक दिसला. तेव्हा पोलिसाच्या अधिकाराने पट्ट्यांचा वापर वाढतो, हे मोजून झालेले आहे.

मग वाद संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण त्या अधिकाराने आणखीही काही वाढते.

मार्च १९९७ मध्ये टेक्सासमधल्या लागो व्हिस्टा या छोट्या गावात एक आई आपल्या तीन आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन गाडी चालवत होती. कोणीच पट्टा लावलेला नव्हता. पोलिसाने गाडी थांबवली, तिला बेड्या घातल्या, ठाण्यावर नेले आणि सुमारे तासभर कोठडीत ठेवले. या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा होती ५० डॉलर दंड! तुरुंगवास नव्हताच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २००१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. अशी अटक घटनाबाह्य नाही असे पाच न्यायाधीशांचे मत पडले. असा मोकाट अधिकार मिळाला तर त्याचा गैरवापर होईल, असा इशारा न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी आपल्या भिन्न मतात दिला.

कृष्णवर्णीयांचा अनुभव तर आधीपासून वेगळा होता. क्षुल्लक वाहतूक-गुन्ह्याचे निमित्त करून गाडी थांबवायची आणि मग झडती घ्यायची, ही त्यांची जुनी तक्रार. म्हणून स्वतंत्र गुन्ह्याला त्यांच्या अनेक प्रतिनिधींचा विरोध होता. पट्ट्याला नव्हे, थांबवण्याला. ‘विज्ञान न मानणारे लोक’ म्हणून त्यांची बोळवण करणे सोपे होते, पण अन्यायाचे झाले असते. मिशिगन राज्याने २००० मध्ये स्वतंत्र गुन्ह्याकडे वळताना कायद्यातच लिहून ठेवले की अंमलबजावणी जीव वाचवण्यासाठी व्हावी, नागरिकांना छळण्यासाठी नव्हे. फ्लोरिडाने याहून उपयोगी गोष्ट केली. दंड झालेल्याचा वंश पोलिसांनी नोंदवून कळवावा असे तिथल्या कायद्यात होते. त्या नोंदींतूनच पुढे उघड झाले की २०१४ मध्ये कृष्णवर्णीय चालकांना पट्ट्यासाठी गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात थांबवले गेले होते. नोंद नसती, तर ही नुसती तक्रार राहिली असती.

आपल्याकडे वंशाचा प्रश्न त्या रूपात नाही. पण कोणाला थांबवायचे हे चौकातल्या मामांच्या मर्जीवर असते, आणि पावती फाटते की ‘चिरीमिरी’वर भागते हे दोघांच्या मर्जीवर, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. टॅक्सीवाला पुढच्या चौकात पुन्हा थांबवला जातो आणि दिव्याची गाडी सरळ जाते, हेही ती पाहतात. कायदा तसा जुना आहे. पुढच्या आसनांना पट्टे बसवणे कंपन्यांवर १९९४ पासून बंधनकारक झाले, मागच्या आसनांना २००२ नंतर. समोर तोंड करून मागे बसणाऱ्याने पट्टा लावलाच पाहिजे हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ च्या कितीतरी आधीपासून लिहिलेले होते. फक्त कोणी विचारत नव्हते. २०१४ च्या जूनमध्ये दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हाही ते मागच्या आसनावर होते. त्या वेळीही मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि विरून गेली. सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातल्या नव्या कलम १९४-ब नुसार दंड १,००० रुपये झाला. त्यावर इतका गदारोळ उठला की गुजरातने तो लगेच ५०० वर आणला आणि महाराष्ट्राने नव्या दंडांची अंमलबजावणीच तूर्त थांबवली.

हे कलम वाचले तर टॅक्सीवाल्याची तक्रार कळते. जो पट्टा न लावता गाडी चालवतो किंवा पट्टा न लावलेले प्रवासी नेतो, त्याला दंड. म्हणजे मागचा साहेब ऐकत नसला तरी भुर्दंड चालकाला. ज्याच्या हाती सांगण्याचा अधिकार नाही त्याच्याकडून वसुली करणारा हा नियम आम्हाला बरोबर वाटत नाही.

आणि आधी खड्डे बुजवा, म्हणणाऱ्यांचे काय? चारोटीच्या पुलापाशी तीन मार्गिकांच्या दोन होत होत्या, ही रस्त्याच्या रचनेतली गफलत तेव्हा पुष्कळांनी दाखवून दिली, ती योग्यच होती. पण रस्ता टकरीची शक्यता ठरवतो, पट्टा टकरीचा परिणाम. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. पट्ट्याच्या वाट्याला नेमके किती येते हेही आकड्यांनी पाहावे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी पट्टा न लावलेली १६,७१५, त्यांत ८,३८४ चालक. हेल्मेट न घातलेली ५०,०२९. पट्टे असते तर १६,७१५ जीव वाचले असते, असे वर्तमानपत्रे छापतात. ते चूक आहे. ४५ टक्के धरले तर सुमारे साडेसात हजार, तोही ढोबळ अंदाज, कारण तो टक्का पुढच्या आसनांचा आहे. साडेसात हजार माणसे हा आकडा लहान नाही, त्याला फुगवायची गरज नाही. पण पोलिसांचे बळ मोजके असेल तर ते पट्ट्यावर किती आणि हेल्मेटवर किती खर्चावे, हा प्रश्न हे आकडे जरूर विचारतात.

शिक्षेचा धाक तिच्या कडकपणापेक्षा तिच्या खात्रीने बसतो, हे इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्येच लिहून ठेवले होते. वर्षातून एकदा हजार रुपये जाण्यापेक्षा दर आठवड्याला शंभर जाण्याची खात्री जास्त काम करते. कॅमेऱ्यांचा आग्रह यातूनच येतो. केरळने जून २०२३ पासून सातशेच्यावर कॅमेऱ्यांनी पट्टा आणि हेल्मेट तपासून दंड सुरू केला. कॅमेरा चिरीमिरी घेत नाही आणि दिव्याची गाडी ओळखत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण गाडीच्या आत पाहणारा डोळा सरकारच्या हाती देणे ही वेगळीच गोष्ट आहे, आणि यंत्राने चुकून छातीवरचा दुपट्टा पट्टा समजला किंवा पट्टा दिसलाच नाही तर दाद कोणाकडे मागायची, हे आधी ठरलेले असायला हवे. आमच्यात या मुद्द्यावर एकमत झाले नाही.

एका गोष्टीवर मात्र झाले. पट्टा न लावता फक्त गाडीची पीं-पीं बंद व्हावी म्हणून खाचेत घालायच्या धातूच्या चकत्या मिळतात. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने इंटरनेटवरून विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना त्या काढून टाकायला लावल्या, तेव्हा अशा १३,११८ जाहिराती निघाल्या. चकती विकत घेणारा माणूस नियम विसरलेला नसतो. तो पैसे मोजून न्यूटनला फसवायला निघालेला असतो. त्याच्या बाबतीत भौतिकशास्त्राच्या तासाचा उपयोग नाही, आणि पोलिसाला लांबून चकती दिसत नाही.

वर्गात करण्यासारख्या दोन गोष्टी सुचवतो. पहिली सोपी. खेळण्यातल्या गाडीवर मातीचा बाहुला बसवून गाडी उतारावरून विटेवर सोडा. एकदा मोकळा, एकदा बारीक तारेने बांधून, एकदा रुंद फितीने बांधून. तार मातीत रुतते, फीत रुतत नाही. बल आणि दाब यांतला फरक मुले विसरणार नाहीत. जमले तर उभ्या गाडीतला खरा पट्टाही ओढून पाहू द्या : हळू ओढला तर येतो, हिसका दिला तर अडतो. आतली चाती वेगाने फिरू लागली की खुंटी दात्यात अडकते.

दुसरी गोष्ट निरीक्षणाची. शाळेच्या फाटकाच्या आत उभे राहून अर्धा तास गाड्या मोजायच्या. रस्त्यावर कोणी उतरायचे नाही आणि गाडीचा क्रमांक कोणी लिहायचा नाही. चालक, शेजारचा, मागचे आणि मांडीवरचे मूल, असे चार रकाने. प्रत्येकात ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘दिसले नाही’ अशा तीन खुणा. मुले घाईघाईने ‘दिसले नाही’ ची गणती ‘नाही’ मध्ये करतात. ती करू देऊ नये. चौकात पोलीस उभा असतानाची अर्ध्या तासाची नोंद आणि नसतानाची नोंद वेगळ्या कागदांवर ठेवावी. शाळेची मुले आणणाऱ्या व्हॅन आणि शिक्षकांच्या गाड्याही मोजायच्या आहेत, हे मुलांना आधीच सांगावे. आमच्या बाईंनी सांगितले, तेव्हा तोच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “बाई, पोलिसांची जीप कुठल्या कागदावर लिहू?”